दारावरची झडती

"नारळ हाय त्यो, बाँब न्हवं! रोज येती मी, आन् रोज पिशवी उचकटतोय ह्यो. देवाला भेटायला आलोय का तुरुंगात नवऱ्याला?"

धोंडुबाई हे रांगेतल्या मागच्या बाईला सांगत होती; पण नाथाजीच्या कानापासून वीतभर अंतरावरून. नाथाजीनं नारळ, उदबत्ती आणि तळाशी दडवलेली तंबाखूची पुडी बघितली आणि पिशवी परत दिली.

"मावशी, नियम समद्यास्नी सारका."

"व्हय व्हय. दिसंल की."

नाथाजी हवालदार म्हणून पलटणीतून निवृत्त झाला, त्यानंतर काही वर्षं साताऱ्यात बँकेच्या दारावर होता. शिराळ्याच्या अलीकडल्या आपल्या गावी आल्यावर त्याला भैरोबाचं दार मिळालं. सहा वर्षं झाली. शर्टाची इस्त्री अजून पलटणीतलीच. मागच्या भिंतीवरची पाटी त्यानं ट्रस्टच्या पाठी लागून लावून घेतली होती : 'मंदिरात शस्त्र नेण्यास मनाई. परवाना असला तरी.' शेवटचे तीन शब्द त्याचे. घरी बँकेच्या नोकरीतली बाराबोर बंदूक होती आणि जत्रेत, देवाच्या मिरवणुकीत हत्यार न्यायचं नाही, ही परवान्यावरची बारीक अक्षरातली अट त्यानं चष्मा लावून वाचली होती. परवाना फ्रेम करून भिंतीला लावणारे गावात बरेच होते. वाचणारा हा एकच.

आठच्या सुमाराला शंभूराज आला. ट्रस्टचा अध्यक्ष. त्याचा बाप नाथाजीच्याच पलटणीतला. तो गेला तेव्हा तिरडीचा पुढचा खांदा नाथाजीनं दिला होता. रांगेसमोर शंभूराजनं हसत दोन्ही हात वर केले.

"घ्या काका झडती. न्हाईतर लोक म्हणतील, अध्यक्षाला सोडलं."

रांग खूश झाली. नाथाजीचा हात काखेतून, कमरेवरून फिरत पाठीशी आला आणि थांबला. शर्टाखाली जे होतं, ते ओळखायला त्या हाताला डोळ्यांची गरज नव्हती.

शंभूराज हसतच त्याच्या कानाशी वाकला. "जिवाला धोका हाय माज्या, काका. गप ऱ्हावा. घरातलंच समजा."

धोंडुबाई पायरीवर चपला काढत होती. काढता काढता थांबली.

नाथाजीनं हात उचलला. "जा."

भैरोबाच्या गाभाऱ्यात अभिषेकाला बसायचं तर अंगात शर्ट चालत नाही आणि चामड्याची वस्तू मुळीच चालत नाही. शंभूराज सोवळ्याचा पक्का. त्यानं पट्टा काढला, पट्ट्याला अडकवलेलं चामडी म्यान काढलं आणि दोन्ही बाहेरच्या कट्ट्यावर ठेवलं. पिस्तूल मात्र चामड्याचं नव्हतं. ते त्यानं शर्टात गुंडाळलं आणि गाभाऱ्यातल्या कोनाड्यात सारलं. अर्जुना गुरव हे सगळं बघत होता. देवाचा नियम मोडला नव्हता, म्हणून तो काही बोलला नाही.

आरतीला उठताना अर्जुनानं रोजच्या सवयीनं अंग झाकायला कोनाड्यातला शर्ट ओढून दिला. पिस्तूल दगडावर पडलं, आवाज झाला आणि उंबऱ्याबाहेर ढोल वाजवणारा धुळा पाय धरून खाली बसला.

त्याला गाडीत घालून सांगलीच्या दवाखान्यात नेलं. पाय राहील का जाईल, ते डॉक्टर सांगत नव्हते.

दुपारी फौजदार सभामंडपात सतरंजीवर वही उघडून बसले. तोवर पिस्तूल कुठं गेलं, ते कुणी विचारलं नव्हतं.

"परका माणूस हुता, साहेब," शंभूराज म्हणाला. "गर्दीत शिरला आन् पळाला. दारावर कुणीच न्हवतं."

"गुरव, तुम्ही काय पाहिलं?"

अर्जुनानं घंटेकडं बघितलं, सतरंजीकडं बघितलं. "नाथाजी... च्याला गेलता."

नाथाजी त्याच्याकडं बघतच राहिला. सहा वर्षं तो चहाला दार सोडून हलला नव्हता, म्हणून अर्जुना स्वतः तांब्यातून चहा आणायचा. एक कप, एक बशी. कप नाथाजीचा, बशी अर्जुनाची. सकाळची दोन्ही भांडी अजून दाराच्या खांबाशी उष्टी पडली होती. शत्रूनं मारलेलं निदान समजतं. ह्या माणसाला तर साखर किती लागते तेही नाथाजीला ठाऊक होतं.

शंभूराज जवळ येऊन हळूच म्हणाला, "काका, च्याला गेलतो म्हना, बास. वय झालंय तुमचं, कोण काय म्हणत न्हाई. मी हाय की."

"तुजा बाप आसता—" नाथाजी म्हणाला, आणि पुढचं गिळलं. बाप असता तर त्यानं तरी काय केलं असतं, कोण जाणे.

मंडपात पन्नासएक माणसं होती. सगळ्यांना अचानक आपापले अंगठे बघावेसे वाटत होते. धोंडुबाई न फोडलेला नारळ मांडीवर घेऊन बसली होती. तिनं एकदा तोंड उघडलं, नाथाजीकडं बघितलं आणि पदर तोंडाला लावला. तिचं घर ट्रस्टच्या जागेत होतं.

"हवालदार," फौजदार म्हणाले, "त्या वेळी तुम्ही कुठं होता?"

नाथाजी उठला. शर्टाचं वरचं बटण लावलं. टाचा जुळल्या, त्या आपल्या आपणच जुळायच्या.

"दारावरच हुतो, साहेब. मावशीच्या पिशवीतला नारळसुदिक तपासला मी." त्यानं शंभूराजकडं बोट केलं. "आन् ह्येचं पिस्तूल ह्या हाताला लागलं, तरी ह्येला आत सोडला."