संत निकोलाचे घट्ट अश्रू

भर दुपारी मिठागरातलं काम टाकून सगळं गाव चर्चच्या अंगणात लोटलं. चर्चमधला चांदीचा दिवा नाहीसा झाला होता आणि चोर पकडायला बाबा इनोकेंती आले होते. समोर पेल्यांची रांग, त्यांत म्हणे संत निकोलाचे अश्रू.

"चोराचा हात बुडाला की अश्रू गोठतात!" बाबा गरजले. "पाप घट्ट असतं, लेकरांनो!"

मेयर ग्रोझ्दानने हात बुडवला. पाणी ते पाणीच. मग स्तामेनाला पुढे ढकललं. तिचं समुद्राकाठचं घर मेयरला हॉटेलसाठी हवं होतं आणि ती देत नव्हती. बाबांनी पेल्यावर हात फिरवून आशीर्वाद दिला, तिने बोटांनी ढवळलं आणि पेल्यातलं पाणी घट्ट होऊन चक्क खीर झाली!

"चोरटी! गावाबाहेर काढा!" लोक ओरडले. मीही ओरडलो.

"थांबा की जरा!" देस्पा पुढे आली. ही सकाळी मिठागरात राबते, संध्याकाळी गावाचे केस कापते. "बाबा, आता माझी परीक्षा. आणि तुम्ही लांब उभे राहा."

तिने हात घातला. खीर! बाबाच दचकले. तिने मला ओढलं. माझीही खीर. पाठोपाठ दहा जणांची.

"दिवा एक अन् चोर तेरा?" देस्पा म्हणाली. "मेयरसाहेब, तुम्हीच काय ते साव!" तिने मिठाने माखलेल्या हाताने त्याचा हात दाबून धरला. "बुडवा आता परत." मेयरचीही खीर झाली. बाबा पळायला लागले, तशी बाहीतून मिठाची पुरचुंडी पडली.

"अरे, पेल्यात तर पाणी घातलेला शांपू!" देस्पा ओरडली. "दुकानात पातळ झाला की मी मीठच टाकते. आपल्या हातांना तर मिठागराचं मीठ होतंच. साबणाचे बारीक कण जुळून लांब धागे होतात, त्यांचा गुंता झाला की घट्ट. मीठ फार झालं की पुन्हा पातळ." तिने स्तामेनाच्या पेल्यात मूठभर मीठ ढवळलं. खिरीचं पाणी झालं.

"निकोलाने माफ केलं!" एका म्हातारीने छातीवर क्रूसाची खूण केली. देस्पाने कपाळावर हात मारला.

मागाहून कळलं, दिवा पाद्रींच्या बायकोने घासायला नेला होता. लोक हसत पांगले. स्तामेना हसली नाही.

"दादा, तुझाही पेला घट्ट झाला," ती मला म्हणाली. "तुला का नाही कुणी हाकललं?"

मी शरमेने मान खाली घातली. वाचकहो, चमत्कार दिसला की एवढंच विचारा: हे दुसऱ्याच्या हातूनही घडतं का? आम्ही ते विचारेपर्यंत एका बाईचं घर जायची वेळ आली होती.