डाव्या हातातल्या सात बांगड्या

परशूच्या बायकोच्या, मंगलच्या, डाव्या हातावर उकळती पेज सांडली ती शनिवारी सकाळी. भाताचं भांडं उतरवताना फडकं सटकलं आणि मनगटापासून बोटांपर्यंत हात लालभडक झाला. सासू केशर तिथंच होती. तिनं सुनेला धरून न्हाणीत नेलं आणि हंड्यातलं गार पाणी तांब्यातांब्यानं बराच वेळ ओतलं. शेजारची पुतळी मशेरी घेऊन धावत आली, तर तिला दारातूनच परत धाडलं. भाजल्यावर पाणी, दुसरं काही लावायचं नाही, हे केशरला पक्कं ठाऊक होतं. शहाणी बाई म्हणून तिचं गावात नाव होतं, ते उगीच नव्हतं.

पण हे शहाणपण मनगटापाशी येऊन अडलं. पंधरवड्यापूर्वी उळवीच्या जत्रेत कासारानं साबण लावून त्या हातात सात हिरव्या बांगड्या भरल्या होत्या, चांगल्या घट्ट. दुपारपर्यंत हात असा सुजला की बांगड्या मांसात रुतल्या. साबणाच्या पाण्यानं सरकवून पाहिल्या, तर फोडाची कातडी सरकू लागली आणि बांगडी काही हलेना.

फोडायला हव्यात, हे दोघींनाही कळत होतं. पण परशू अणशीच्या बाजूला लाकूडतोडीला गेलेला, तो संध्याकाळी ट्रकनं यायचा होता. नवरा जंगलात आणि बायकोच्या बांगड्या फोडायच्या? अठरा वर्षांपूर्वी केशरची एक बांगडी सकाळी विहिरीच्या काठाला लागून तडकली होती, आणि त्याच दिवशी तिच्या नवऱ्याला, लखूला, पडलेल्या झाडाखालून काढून बैलगाडीतून घरी आणलं होतं. योगायोग म्हणणारे खुशाल म्हणोत. त्या गाडीत त्यांचा नवरा नव्हता.

परशू येईपर्यंत कळ काढ, असं तिनं सुनेला सांगितलं. मंगलनंही मान हलवली, तिलाही नवरा हवाच होता. मग केशर देवापुढे बसली, उठली, हात पाहून आली, पुन्हा बसली.

तीनच्या सुमारास मंगल हळूच म्हणाली, "आत्याबाई, आता दुखत न्हाई. बोटं हाईत का न्हाईत, त्येच कळंना."

केशरनं बोटं धरली. निळसर पडली होती आणि गार लागत होती. तिनं करंगळीला टाचणी टोचली, पोरीला कळलंसुद्धा नाही. असली गार बोटं तिनं आयुष्यात एकदाच, त्या बैलगाडीत, हातात धरली होती.

तिनं पानाच्या डब्यातला अडकित्ता काढला.

"डोळं मीट," ती म्हणाली. "ह्ये माझ्या हातानं व्हतंय. काय व्हायचं त्ये माझ्यावर यील."

बांगडीखाली ओलं फडकं सारून तिनं एकेक बांगडी अडकित्त्यात टिचवली आणि दर वेळी मनात परशूचं नाव घेतलं. सातवी निघाली तेव्हा तिचं अंग घामानं भिजलं होतं. थोड्या वेळानं बोटांत रंग आला आणि मंगल वेदनेनं रडायला लागली. ते रडणं ऐकून केशरला जरा धीर आला.

मिळेल त्या बसनं दोघी रामनगर गाठून डॉक्टरकडे गेल्या. पाणी ओतलंत ते उत्तम केलंत, म्हणाले. फोड फोडू नका, पू दिसला किंवा ताप आला तर लगेच या. मग मनगटावरचे वळ पाहून ते चिडले. हात भाजला की बांगड्या आधी काढायच्या, आणि बोटं बधिर झाली तर घरी बसायचं नाही. अजून उशीर केला असता तर बोटं गेली असती. केशर माना डोलवत होती, पण तिचं लक्ष खिडकीबाहेरून जाणाऱ्या प्रत्येक ट्रककडे होतं.

तोडकऱ्यांचा ट्रक एरवी सहाला यायचा. त्या दिवशी सात वाजले तरी आला नाही. गावी परतलेली केशर रस्त्याच्या कडेला उभी होती आणि शेजारी उभ्या सुनेच्या मनगटाकडे बघायची तिला हिंमत होत नव्हती. अखेर ट्रक आला. माणसं एकामागून एक उतरली. परशू सगळ्यांत शेवटी उतरला, धडधाकट.

बायकोच्या हाताची पट्टी बघून त्यानं विचारलं आणि मंगलनं सगळं सांगितलं. ऐकता ऐकता तो आईवर उखडला. "सकाळधरनं हात सुजत व्हता, आनि तू तीन वाजस्तोवर कुनाची वाट बघत बसलीस?"

केशरनं त्याचे दंड चाचपले, पाठीवरून हात फिरवला.

"तुझी," ती म्हणाली.

परशूला काही उमगलं नाही. मंगलनं मान खाली घातली. तेव्हा कुठं केशरला रडू फुटलं. तीन वाजेपर्यंत तिनं सुनेचा हात लेकावरून ओवाळून टाकला होता, आणि हे त्या दोघींनाच माहीत होतं.