दारासमोरचा आरसा

माझी धाकटी बहीण लोकांची कुलपं उघडते. चोरून नाही, रीतसर परवाना घेऊन. माझ्या इस्त्रीच्या दुकानाला लागून तिची हातभर टपरी आहे आणि सगळी गल्ली तिला किल्लीच म्हणते. ती जितकी शांत तितकी मी भडक डोक्याची. एकीच्या तोंडाला कुलूप आणि दुसरीच्या तोंडाला दारच नाही, असं आई म्हणायची.

त्यामुळे पोलीस समन्स घेऊन आले तेव्हा ती गप्प उभी राहिली आणि मी गरम इस्त्री शर्टावर तशीच ठेवून धावले. शर्टाची बाही गेली ती गेलीच.

झालं होतं ते असं. एक माणूस तिला बोलावून घेऊन गेला. किल्ली आत राहिली, पाकीटही आत राहिलं, दार उघडून द्या म्हणाला. हिने दिलं. घर निघालं त्याच्या बायकोचं. तिने वर्षापूर्वीच त्याला घराबाहेर काढलेलं. याने तिच्या बांगड्या आणि शिलाई मशीन लांबवलं, आणि पकडला गेल्यावर म्हणाला, "कुलूपवालीला सगळं माहीत होतं. मी सांगूनच नेली होती." साथीदाराचं नाव घेतलं की आपली शिक्षा कमी होते, हे त्याला कुणीतरी पढवलेलं असणार.

"निष्काळजीपणा कबूल करा," हवालदार म्हणाला. "किरकोळ दंड होईल, तो भरा आणि मोकळ्या व्हा." शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असं सगळे नातेवाईकही बोलले. किल्ली मान डोलवायलाच निघाली होती. माझ्या मात्र तळपायाची आग मस्तकात गेली. ज्याचा दंड भरायचा तो गुन्हा तरी काय आहे ते बघू दे की मला, म्हटलं, आणि वाचनालयातून गुन्हे आणि शिक्षांचं जाडजूड पुस्तक उचलून आणलं.

शपथेवर सांगते, इतकं रंगतदार पुस्तक मी जन्मात वाचलं नव्हतं. एका हातात इस्त्री, दुसऱ्या हातात कायदा. खोट्या वजनाला किती, खोट्या साक्षीला किती, नुसत्या धमकीला किती, सगळं त्यात होतं. गिऱ्हाईक आलं की मी त्याला शिक्षा सुनावायचे. वरच्या मजल्यावरच्या काकांना म्हटलं, काल शेजाऱ्याला तंगडी तोडीन म्हणालात ना, त्याला कैद आहे. काका दोन दिवस कपडे द्यायला फिरकले नाहीत.

आणि एका दुपारी मला त्या किरकोळ दंडाचं शेपूट सापडलं. परवान्यावर धंदा करणाऱ्याला असल्या गुन्ह्यात नुसता दंड जरी झाला, तरी परवाना कायमचा रद्द. हवालदाराने हे सांगितलंच नव्हतं. त्याला ठाऊक होतं की नाही, देव जाणे. म्हणजे आमची किल्ली मोकळी झाली असती ती थेट रिकामी. ज्या कामाशिवाय तिला दुसरं काही येत नाही आणि आवडतही नाही, ते काम गेलं असतं.

त्याच्याच मागच्या पानावर होतं, चोराला मदत करणाऱ्याला चोराइतकीच शिक्षा. पण पुढे लिहिलं होतं, मदत जाणूनबुजून केली असेल तर. मी ते वाक्य एवढ्या मोठ्याने वाचलं की शेजारच्या टपरीत किल्लीच्या हातातली कानस पडली.

मग आम्ही एक वकीलबाई गाठल्या. त्यांनी ते ऐकून घेतलं. "बरोबर वाचलंत," त्या म्हणाल्या. "आता फक्त आवाज कमी करा." मग त्यांच्याच खोलीत आम्ही कोर्टाची तालीम केली. सरकारी वकील मी. दुसरं कोण होणार?

"दार उघडण्याआधी खात्री केलीस का?" मी कमरेवर हात ठेवून विचारलं.

"नेहमीचं विचारलं," किल्ली म्हणाली.

"नेहमीचं म्हणजे काय?" वकीलबाईंनी मध्येच विचारलं आणि पेन खाली ठेवलं.

"दार उघडलं की समोर काय दिसेल, ते. घरचा माणूस पटकन सांगतो. तो म्हणाला, समोर भिंतीवर आरसा आहे. खालच्या कोपऱ्याला तडा गेलाय, त्यावर पोपटाचं चित्र चिकटवलंय."

"मग? दिसला का आरसा?"

किल्ली नखं बघत बसली. "नाही दिसला. खिळा होता आणि आरशाएवढा पांढरा चौकोन होता. तो म्हणाला, बायकोने काढलेला दिसतोय. मला पटलं. ताई, मी तेव्हाच दार लावून घ्यायला हवं होतं. म्हणून तर कुणाला बोलले नाही."

माझे कमरेवरचे हात खाली आले. वकीलबाई मात्र खुर्चीवरून उठल्याच. या घरात किल्लीने त्याआधी पाऊल ठेवलं नव्हतं. मग नसलेल्या आरशावरचा पोपट हिला कुठून कळला? त्यानेच सांगितला असणार, आणि साथीदाराला कुणी घर आपलंच आहे म्हणून पटवत बसत नाही. "पण हे दुधारी आहे," त्या म्हणाल्या. "आरसा दिसला नाही तरी गप्प बसल्या, असं तेही म्हणतील. आणि आरसा होता की नव्हता, हे सांगणारी एकच बाई आहे."

ती बाई आमच्यावर दात धरून होती. कुलूपवालीला आत टाका, असं तिने जबाबातच म्हटलं होतं. तिने नाही म्हटलं, तर परवाना गेला आणि वर कैद.

कोर्टात आधी तो उभा राहिला, भांग पाडून, सभ्य चेहरा करून. वकीलबाईंनी गोड आवाजात विचारलं, "दार उघडण्याआधी तुम्ही घराचं काही वर्णन केलं होतं?"

"कशाला करू? घर माझं नाही हे तिला माहीतच होतं."

"दारासमोर आरसा आहे, असं नाही म्हणालात?"

"कसला आरसा? काहीच बोललो नाही."

वकीलबाईंनी ते नीट लिहून घ्यायला लावलं.

मग बाहेर थांबवलेल्या त्या बाईला आत बोलावलं. सडपातळ, कपाळावर आठ्या. किल्लीकडे तिने एकदाच पाहिलं आणि मान फिरवली.

"तुमच्या घरात दारासमोर कधी आरसा होता?"

ती पदर सारखा करत राहिली. न्यायाधीशांनी चष्मा वर केला. मी मनात म्हटलं, बाई गं, बोल, हवं तर मला चार शिव्या दे, पण बोल.

"होता," ती म्हणाली. "त्याला काढलं त्याच दिवशी मी आरसाही काढला. येता-जाता त्यात तोच दिसायचा."

"त्याला काही खूण होती?"

"खाली तडा होता. त्यानेच काहीतरी फेकून मारलं होतं. मी त्यावर पोपट चिकटवला." ती वकीलबाईंकडे वळली. "पण आरसा वर्षभर कपाटामागे आहे. आमच्याकडे कुणी येत नाही. हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"माझ्या अशिलाने. आणि तिला ते दार उघडण्याआधी कुणीतरी सांगितलं होतं."

बाईने हळूहळू नवऱ्याकडे पाहिलं. तो जमिनीकडे बघत होता. हातच्या कांकणाला आरसा कशाला म्हणतात, आमच्या किल्लीला मात्र तोच लागला.

सरकारी वकिलांनी तो दुधारी मुद्दा काढलाच. आरसा दिसला नाही तरी गप्प का बसलात? किल्लीने मान खाली घातली नाही. "चुकले," म्हणाली. "पण चोरीत नव्हते." न्यायाधीशांनी निकालात जवळपास हेच सांगितलं, फक्त पुष्कळ लांबवून. चुकणं वेगळं, सामील होणं वेगळं. सुटका. परवाना शाबूत. आणि त्या चोराची शिक्षेतली सवलत खोट्या साक्षीपायी गेली. मी टाळी वाजवली आणि शिपायाने मला बाहेर काढलं.

पायऱ्यांवर ती बाई आमच्यापुढे येऊन उभी राहिली. "मी तुझ्यासाठी बोलले नाही," ती किल्लीला म्हणाली. "विचारलं ते सांगितलं."

"माहीत आहे," किल्ली म्हणाली. "तुमचं कुलूप बदलून देऊ का?"

संध्याकाळी आम्ही दोघी तिच्याकडे गेलो. किल्लीने नवं कुलूप बसवलं, सगळ्या किल्ल्या तिच्या हातात ठेवल्या. त्या बाईने कपाटामागून आरसा ओढून काढला, पदराने पुसला आणि म्हणाली, "खिळा आहे तसाच. एवढा टांगून दे."

आरसा लागला. त्यात आम्ही तिघी दाटीवाटीने दिसत होतो. मला राहवेना. "अहो, पण तो सुटून आला आणि दुसऱ्या कुणा कुलूपवाल्याला घेऊन आला, तर त्याचं उत्तर आता बरोबर येईल की."

किल्लीने मला चिमटा काढला. त्या बाईने नखाने पोपट खरवडून काढला. सबंध निघाला. खालचा तडा लांबलचक दिसायला लागला.

"दिसू दे," ती म्हणाली आणि पोपट माझ्या तळहातावर ठेवला.