चुलीला पोतेरं

येत्या रविवारी सुदर्शन गाडी घेऊन येणार होता आणि आईला वाळूजला नेणार होता, कायमचं. फुलंब्रीच्या डॉक्टरांनी द्वारकाबाईची छाती तपासून स्पष्टच सांगितलं होतं, की चाळीस वर्षं चुलीपुढं बसून छातीत धूर साठलाय, आता तरी धुरापासून लांब राहा. सुदर्शन कंपनीत सुपरवायझर. त्यानं दवाखान्याच्या पायरीवरच निर्णय देऊन टाकला.

द्वारकाबाईचा जीव मात्र डोंगरातल्या वाडीत. वाळूजला ती एकदा आठ दिवस राहिली होती आणि आठही दिवस खिडकीतून समोरच्या बिल्डिंगची खिडकी बघत बसली होती. त्यात नवऱ्यानं, बन्सीनं, एका वाक्यात निकाल लावलेला, "तू जा. म्या वाडी सोडत नाय, शेळ्या बी सोडत नाय." ज्याला स्वतःपुरता चहा करता येत नाही त्या माणसाचा हा ताठा! तिला राग आला, आणि रागाहून जास्त काळजी वाटली. हा बाबा एकटा खाणार काय?

घरात गॅस होता, नाही असं नाही. पण सिलिंडरचा मोठा ट्रक घाट चढत नाही, खालीच थांबतो, टाकी खांद्यावर घेऊन वर चढायचं. म्हणून ती टाकी भरतकामाचं कव्हर घालून कोपऱ्यात बसलेली, पाहुण्यांच्या चहापुरती. भाकरी चुलीवरच.

सुनेनं, विशाखानं, सासूची बाजू घेतली. डोंगरातल्या वाड्यांवर फिरून निर्धूर चुली बांधून देणारी सरिता नावाची बाई तिनंच शोधली. हा रविवार राहू दे, महिनाभर बघू, खोकला उतरला तर राहा, नाहीतर गाडी आहेच, असं सुदर्शन नाइलाजानं कबूल झाला. सरितानं दोन दिवसांत चूल उभी केली. आत लोखंडी जाळी, छपरातून वर गेलेलं धुराडं, आणि जाळीच्या खाली वारा जायला तीन बोटं जातील एवढं भोक. धूर वरून जाईल, वारा खालून येईल, असं तिनं दोनदा समजावलं. द्वारकाबाईनं दोनदा मान हलवली.

सुरुवातीचे दिवस स्वर्गच. डोळे पुसायला पदर लागेना, भाकरी टम्म फुगायची. मग हळूहळू तोंडाशी धूर दिसायला लागला आणि तिसऱ्या आठवड्यात तर जुनी चूल परवडली म्हणायची वेळ आली. शेजारणी डोकावून गेल्या. नव्याचे नऊ दिवस, म्हणाल्या. खोकला पुन्हा छातीत येऊन बसला. सुदर्शनचा फोन आला की द्वारकाबाई तोंडात पदर कोंबायची आणि ठसका गिळून "बरी हाय" म्हणायची. फोन ठेवला की सरिताच्या नावानं बोटं मोडायची. नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण आपल्याला लागू आहे असं कुणालाच वाटत नसतं.

मंगळवारी सरिता चुली तपासायच्या फेरीवर आली. द्वारकाबाईनं तिला पाणीही न विचारता फैलावर घेतलं. सरितानं सगळं ऐकून घेतलं आणि चुलीपुढं बसून खालच्या अंगाला हात फिरवला. भोक कुठंच लागेना. सगळं कसं गुळगुळीत.

"मावशी, चुलीला पोतेरं कधी देता?"

हा काय प्रश्न झाला? पोतेरं दिल्याशिवाय द्वारकाबाईनं उभ्या जन्मात चुलीत विस्तव घातला नव्हता. सकाळची आंघोळ, मग शेणमातीचा हात चुलीवरून, मग जाळ. सासूनं घालून दिलेली रीत. आणि हात फिरवताना कुठं फट, भोक दिसलं तर ते बुजवायचं, हे काय सांगावं लागतं? तिनं हे अभिमानानं सांगितलं आणि सांगता सांगताच तिचा आवाज बारीक होत गेला.

सरितानं भोकाच्या जागी विळ्याच्या टोकानं कोरलं. चांगला दोन बोटं जाड थर निघाला. मग तिनं काड्या पेटवल्या. जाळ फुरफुरला, धूर निमूटपणे धुराड्यात शिरला, खोलीत काहीच राहिलं नाही. द्वारकाबाई आधी ओशाळली, मग इतकी हसली की तिला धाप लागली.

"चूक माझी बी हाय," सरिता म्हणाली. "समदं सांगितलं, पोतेऱ्याचं इसरले. माझ्या घरी तर म्या बी देते." पोतेरं देताना भोकात मक्याचं रिकामं कणीस खोचायचं आणि नंतर काढून घ्यायचं, असा तोडगा तिनं सांगितला. या वेळी द्वारकाबाईनं तिच्याकडून तो करवून घेतला, स्वतः करून दाखवला, आणि मग तिला जेवल्याशिवाय सोडलं नाही.

महिना भरला त्या रविवारी सुदर्शन आला तो थेट चुलीशेजारी पाट घेऊन बसला. द्वारकाबाईनं सात भाकरी थापल्या. ठसका लागला तो एकदाच, मिरचीच्या फोडणीचा, आणि तो तर सुदर्शनलाही लागला. भोकाची गोष्ट तिनं आपणहून सांगितली, फोनवर लपवलेल्या खोकल्यासकट. चौथी भाकरी मोडत तो म्हणाला, "राहा मग इथंच, माय. पण दर महिन्याला डॉक्टरला दाखवायचं, आन खोटं बोलायचं नाय."

तिला एकदम हलकं वाटलं. महिनाभर आपण किती घाबरलो होतो ते तिला आत्ता कळलं.

गाडी घाट उतरून गेली. बन्सी सकाळपासून ओट्यावर बसून होता. तो उठला, पायात वहाणा सरकवल्या आणि काठी घेतली. या उन्हात कुठं निघाले, असं तिनं विचारलं.

"खालच्या वाडीतल्या पुंडलिकाकडं."

"त्याच्याकडं काय?"

बन्सीनं तिच्याकडं बघायचं टाळलं. "शेळ्या घेऊन जा म्हणून सांगून आलतो त्याला. तुझ्यासंगं वाळूजला यायचं म्हणून. आता नाय म्हणून सांगतो."

द्वारकाबाईनं त्याच्या हातातली काठी काढून भिंतीला टेकवली. मग म्हणाली, "थांबा. चहा पिऊन जा."