टेबलाच्या पायाखालून

मी टेबलाच्या पायाखालून बोलतोय. हा पाय आखूड आहे, म्हणून मला इथे सरकवलंय. मी इंग्रजी वाक्प्रचारांचा कोश. डावीकडे इंग्रजी, उजवीकडे मराठी अर्थ. कोणी म्हणेल, काय ही अवस्था! अवस्थेचं सोडा हो. माझा संताप वेगळाच आहे.

मला घरात आणलं बाबांनी. ते लिफ्ट दुरुस्त करतात. बढतीच्या मुलाखतीत साहेब इंग्रजीत काहीतरी बोलले, सगळे हसले आणि हे एकटे बघत राहिले. बढती दुसऱ्यालाच मिळाली. त्याच संध्याकाळी जुन्या पुस्तकांच्या दुकानातून मी यांच्या पिशवीत आलो. हे सगळं घरात ऐकलं तेव्हा मला त्यांची कीवच आली होती.

पण या गृहस्थांनी घरात कायदाच केला! रात्री जेवताना फक्त इंग्रजी, आणि माझ्यातला एक वाक्प्रचार वापरल्याशिवाय ताटात काही पडायचं नाही. ‘पीस ऑफ केक’ म्हणजे डाव्या हातचा मळ. ‘वन्स इन अ ब्लू मून’ म्हणजे क्वचित कधीतरी. सातवीतली मुलगी चुणचुणीत, पटापट बोलायची. आईला इंग्रजी येत नव्हतं. दिवसभर शिलाई मशीनवर बसून जिच्या तोंडाचा पट्टा चालायचा, म्हणीशिवाय जिचं वाक्य संपत नसे, ती बाई जेवताना मुकाट वाढायची. एकदा काही सांगायला गेली, तर यांनी बोट वर केलं, “इंग्लिश प्लीज!” तोंड दाबून बुक्क्यांचा मार, दुसरं काय?

मग आईचं पोट दुखायला लागलं. उजव्या बाजूला हात दाबून ती मशीन चालवायची.

“आई, बाबांना सांग ना,” मुलगी म्हणाली.

“कधी सांगू? सकाळी त्यांची पळापळ, रात्री तुमची ती शाळा. पित्त असेल गं, जाईल.”

पोरीने दुपारभर मला चाळलं. आईच्या कळांना पुरेल असं माझ्यात काही सापडेना. जे मिळालं ते तिने पाठ केलं आणि रात्री ताट पुढे घेऊन म्हणाली, “मदर इज अंडर द वेदर.”

बाबांनी मला उघडलं, पान काढलं, ओळीवर बोट ठेवलं. शेजारीच मराठीत छापलं होतं, प्रकृती बरी नसणे. पण बोट डावीकडेच थांबलं.

“शाबास! करेक्ट! वाढ गं तिला.”

आईने एका हाताने पोट धरून वाढलं. मला कंठ असता तर मी टाहो फोडला असता.

सकाळी ती मशीनपाशीच कोसळली. अपेंडिक्स फुटलं होतं. मी मुलीच्या दप्तरात होतो, दवाखान्यातलं सगळं ऐकलं. डॉक्टर कडाडले, “इतके दिवस झोपला होतात का?”

“मला कोणी सांगितलंच नाही हो,” बाबा रडकुंडीला आले.

“सांगितलं होतं, बाबा,” मुलगी म्हणाली. “तुम्ही शाबास म्हणालात.”

आई वाचली. घरी आल्यावर बाबांनी मला इथे कोंबलं. शिक्षा मला? मी तर अर्थ उघडा ठेवून बसलो होतो! इंग्रजी खुशाल शिका लोकहो, मला घोकून घोकून फाडा. पण माणूस काय सांगतंय ते आधी ऐका.

आता जेवायला बसताना बाबा रोज विचारतात, “आज दुखतंय का गं?”

“वरातीमागून घोडं!” आई म्हणते.

“शाबास, आई! करेक्ट!” मुलगी म्हणते.

बाबा मान खाली घालतात. खाली मी असतो.