चष्मेवाल्याची बाजू

सरांनी लाल पेन्सिलीने परिच्छेदावर आडवी रेघ मारली आणि पान तिच्यापुढे सरकवलं.

"हे काढून टाक."

विद्यार्थी सरांना पाठीमागे 'कात्री' म्हणत, आणि ते काही उगाच नाही. ज्यू धर्मशास्त्रावरच्या तिच्या प्रबंधाचं पहिलं प्रकरण त्यांनी 'नमनाला घडाभर तेल' म्हणत निम्म्यावर आणलं होतं. तेव्हा तिने हूं की चूं केलं नव्हतं. आज मात्र तिने पान उचललं नाही.

प्रकरण हरवलेल्या वस्तूंचं होतं. शास्त्र सांगतं, मालकाने आशा सोडली असेल तर वस्तू सापडणाऱ्याची. सोडली नसेल तर परत करायची. यावर पंडितांनी शतकानुशतकं काथ्याकूट केला आहे. त्या पंडितांच्या पंक्तीला तिने खुशाल एका चष्मेवाल्याला बसवलं होतं. त्याचं म्हणणं असं, की मालक कधीच पुरती आशा सोडत नाही. 'गेलं ते गेलं' हे तो चारचौघांत म्हणतो, एवढंच.

"हे कुठे छापून आलंय?" सरांनी विचारलं.

"कुठेच नाही. बाबा म्हणायचे."

"आणि पुढच्याच पानावर तू ते खोडून काढलंयस."

"चूक आहे ना, म्हणून."

"मग ठेवायचं कशाला?"

"ग्रंथात हरलेल्यांची मतंही नावानिशी ठेवलीच आहेत की, सर."

"ते पंडित होते, बाई. तुझे वडील काचा घासायचे."

तिला राग आला नाही. बाबा स्वतःबद्दल हेच सांगत, तेही हसत हसत. दुकान बंद झालं की बापलेक काउंटरच्या दोन बाजूंना ग्रंथ उघडून बसत. जोडीने वाचायची ही ज्यूंमधली जुनीच रीत आहे: एकाने मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने हरकत घ्यायची. पटलं तरी घ्यायची. हो ला हो करणाऱ्यापेक्षा भिंतीशी बोललेलं बरं, असं बाबांचं मत होतं. आवाज चढले की आई आतून विचारी, "अभ्यास चाललाय की भांडण?" बाबा सांगत, "दोन्ही."

बाबांना जाऊन दुसरं वर्ष सरत आलं होतं. विद्यापीठात सगळे आपापल्या टेबलाशी मान खाली घालून, गुपचूप वाचत. तिथे बसलं की तिला बाबांची फार आठवण येई. त्यांच्या मायेपेक्षाही त्यांच्या अडवण्याची येई.

सर आता पुढचं पान वाचत होते.

"ही तुझी हरकत वडिलांना कधी ऐकवलीस?"

"सापडलीच उशिरा. ते गेल्यावर."

"काय म्हणाले असते?"

"तेच तर कळत नाही. मला तेवढंच ऐकायचंय, सर. परिच्छेद काढला, की विचारायलाही कोणी उरणार नाही."

सरांनी पेन्सिल खाली ठेवली. टेबलावरचा पुस्तकांचा ढीग बाजूला केला आणि खुर्ची ओढून ते तिच्या अगदी समोर बसले.

"वाच तुझी हरकत. मोठ्याने."

तिने वाचली. नदीने वाहून नेलेली वस्तू. मालक काठावर उभा राहून ओरडत असला, तरी ती सापडणाऱ्याचीच. म्हणजे मालकाची आशा शास्त्र इथे जमेसच धरत नाही. चष्मेवाल्याचं म्हणणं टिकत नाही.

"थांब, घाई करतेस," सर म्हणाले. "मी तुझ्या वडिलांच्या बाजूने बोलतोय. हा नियम कोणासाठी आहे? ज्याला वस्तू सापडली त्याच्यासाठी. ठेवून घे, तुला दोष नाही, एवढंच त्याला सांगितलंय. काठावरच्या माणसाने हाका मारणं थांबवावं, असं कुठे म्हटलंय? दाखव मला."

त्यांचा आवाज चांगलाच चढला होता. बाहेरून जाणारा शिपाई दारात डोकावून गेला.

याला उत्तर होतं. त्याच पानावर, जरा खाली. अशा मालकाचं ओरडणं हे कोसळलेल्या घरापुढे ओरडण्यासारखं. ते मोजायचं नाही. तिला ती ओळ पाठ होती. तिचं बोट त्या ओळीवर गेलंही. मग तिने पूर्ण तळहात पानावर ठेवून ती झाकली.

"नीट कळलं नाही, सर," ती म्हणाली. "परत एकदा सांगा ना."