जागेवरचा कागद

परिषदेचं पत्र आल्यापासून शालिनी मगदूम ज्याला जे खायला सांगेल, ते त्याच्या हातात कागदाचं व्हायचं.

पहिल्यांदा हे झालं ते टेम्पोवाल्या बाबू नलवडेच्या बाबतीत. त्याची कंबर धरली होती. शालिनीनं त्याला पालथं निजवलं, मणका जागेवर बसवला आणि हात पुसता पुसता सवयीनं म्हणाली, "जेवणात नाचणीची भाकरी खात जा." घरी जाऊन बाबूनं भाकरी मोडली, तर ती टरकन फाटली. तुकडा घेऊन तो परत आला. चांगला जाड कागद होता. करपल्याचे डाग मात्र जागच्या जागी होते.

"चवीला वाईट न्हाई बाई," बाबू म्हणाला. "पण पोट भरंना."

शालिनी जयसिंगपुरात सातव्या गल्लीत कायरोप्रॅक्टर होती. पाटीवर तसं लिहिलं होतं, पण लोक मणकेवाल्या बाईच म्हणत. इतक्या पाठी चाचपल्यावर तिच्या लक्षात आलं होतं की पाठीचं निम्मं दुखणं ताटातून येतं. मग तिनं मिळतील ती पुस्तकं आणून वाचली आणि मणकेवाल्यांना आहाराचा सल्ला द्यायला शिकवणारा एक छोटा वर्ग आखला. तो रीतसर असे वर्ग मंजूर करणाऱ्या परिषदेकडे मंजुरीला पाठवला. तोवर ती रोग्यांना काय खा, काय नको हे खुशाल सांगत होती, कुणाचं काही म्हणणं नव्हतं. तिनं विचारलं, आणि मग परिषदेला आठवलं की हे विचारायला हवं होतं. उत्तर आलं: तपासणी होऊन मंजुरी मिळेपर्यंत अर्जदारानं सदर जागेत कुणालाही काय खावं हे सांगू नये.

दवाखाना पुढच्या खोलीत, घर मागच्या खोल्यांत. जागा एकच.

रोग्यांपुढं ती तोंड मिटून राहायला शिकली. अडचण घरात होती. घरात तिची नणंद होती, रतन. वयानं लहान, पण लग्न होऊन आल्यापासून शालिनी तिला वन्सं म्हणायची. रतनचं लग्न ठरता ठरता राहून गेलं आणि ती भावाच्याच घरी राहिली. हा भाऊ म्हणजे शालिनीचा नवरा, अण्णा. पानावर बसताना ते रोज हाक मारायचे, "रतन, जेव." अण्णा गेले. रतन ताटापुढं नुसती बसून राहू लागली. रडायची नाही, रुसायची नाही, फक्त कुणीतरी काही म्हणायचं राहिलंय अशी बघत बसायची. शेवटी एकदा शालिनी म्हणाली, "वन्सं, भात खा," आणि रतन खाऊ लागली. तेव्हापासून तसंच चाललं होतं. सांगितलं की खायची.

आता सांगितलं की कागद, न सांगितलं की उपास.

दुसऱ्याच्या घरी रतन पानावरच बसायची नाही. शालिनीनं ताट पुढं सरकवून पाहिलं, डोळ्यांनी खुणावून पाहिलं. "काय म्हणालीस वहिनी?" एवढंच रतन विचारायची. शेजारच्या पद्माक्कानंही जोर लावला.

"वहिनी बोलंना तर मी सांगते. गिळ की चार घास."

"तू सांगून कसं चालंल पद्माक्का? तू काय माझी वहिनी हैस?"

मग शालिनीला सांगावंच लागायचं. रतन निमूट कागद खायची, वर पाणी प्यायची.

आधी आवाज बदलला. कुशीवर वळली की रतन सळसळायची. मग ती खिडकीपाशी उभी राहिली की तिच्यातून समोरच्या घराचं कुंपण दिसू लागलं. शालिनीनं तिला दवाखान्यातल्या बाकावर पालथं निजवून पाठीवरून बोटं फिरवली. मणके होते, सगळे होते, पण घडी घालून उलगडलेल्या कागदावर रेघ राहते तसे. शिवाय ती आकसतही होती. तिचे परकर तिला मोठे व्हायला लागले, मग तिच्या लहानपणच्या बाहुलीचं जुनं झबलं नेमकं बसलं. पंखा लावायचा बंद झाला. दार उघडताना पद्माक्का तिच्यावर वरवंटा ठेवायची.

"वरवंटा माझ्यावर आणि वाटण मिक्सरात," रतन म्हणायची. "काय दिवस आलेत."

शालिनी हसायची आणि मोरीत जाऊन तोंड धुवायची.

परिषदेची तपासणी समिती येणार असल्याचं कळलं तेव्हा रतन पोळपाटावर मावत होती.

समितीला जेवू घातल्याशिवाय मंजुरी नसते. कुठं लिहिलेलं नाही, पण शाळा असो, दवाखाना असो, तपासणीला आलेल्या माणसाचं पान आधी वाढायचं. शालिनी आणि पद्माक्का सकाळपासून चुलीशी होत्या. पुरणपोळ्या, कटाची आमटी, मसालेभात, भजी, बासुंदी.

"आहाराचा वर्ग, आणि निम्मं ताट तळलेलं," शालिनी म्हणाली.

"मोड आलेली मटकी ठेव त्यांच्यापुढं, म्हंजे मंजुरी पुढल्या जन्मी," पद्माक्का म्हणाली. "आणि हे बघ, तू तोंड उघडू नको. आग्रह मी करणार. तू नुसती हात जोडून हुभी ऱ्हा."

समितीत दोघं होते. अध्यक्ष उपळेकर साहेब आणि फाइल सांभाळणाऱ्या टिकेकर मॅडम. त्यांनी पुढची खोली बघितली, बाक दाबून बघितला, भिंतीवरचा मणक्यांचा तक्ता वरून खाली वाचला. मागच्या खोलीत पानं मांडली होती. मॅडमनी फाइल पानाच्या डाव्या हाताला ठेवली, चटणीशेजारी.

पहिली वाढणी नीट पार पडली. कुणी काही सांगितलं नव्हतं, पोळी पोळीच राहिली. मग पद्माक्का दुसरी पोळी घेऊन आली, तसा साहेबांनी पानावर आडवा हात धरला.

"घ्या की साहेब. एवढीशी तर हाय."

हात हलला नाही. साहेब शालिनीकडं बघत होते.

"घरच्या बाई काही म्हणत नाहीत," टिकेकर मॅडम म्हणाल्या.

पोळी पद्माक्काच्या हातात लोंबत राहिली. तुपाचा थेंब खाली पडला. साहेबांचा हात पानावर, डोळे शालिनीवर. शालिनीनं ओठ दातांत धरले. तिला आईनं वाढलं होतं, आईला आजीनं. पाहुण्याचा आडवा हात आणि गप्प उभी यजमानीण, असं तिच्या माहेरी-सासरी कधी झालं नव्हतं. आतल्या खोलीत रतन पोळपाटावर पडून सगळं ऐकत होती.

"घ्या ना," शालिनीच्या तोंडून गेलं. "लाजू नका. पोळी खा."

साहेबांनी हात बाजूला घेतला. पानात पडताना पोळीचा आवाज झाला. त्यांनी तिचा कोपरा फाडला, आमटीत बुडवला, सावकाश चावला आणि डोळे मिटले.

"वा," ते म्हणाले. "याला म्हणतात जेवण."

"किती हलकं," मॅडम म्हणाल्या. "मलाही करा की आग्रह."

शालिनीनं पद्माक्काकडं बघितलं. पद्माक्कानं कपाळाला हात लावला. पण पाहुणे खूश होते, आणि पाहुणे खूश झाले की शालिनीला थांबता यायचं नाही. भजी घ्या. भात घ्या, थोडासाच. बासुंदी संपवा, राहू नये. भजी चुरगळलेल्या कागदाची झाली, भाताची शितं म्हणजे पंचिंग मशीनमधून पडलेल्या टिकल्या. दोघं घाम पुसत खात होते. इतक्या दिवसांत तिच्या सांगण्यानं कुणाचं पोट भरलं नव्हतं. तिला भरून आलं.

"पानात काही ठेवायचं नाही हं," ती म्हणाली. "समोर आहे ते सगळं संपवा."

त्यांनी संपवलं. मग मॅडमनी डावीकडची फाइल उघडली. वर्गाचा आराखडा साहेबांना दिला, पत्रव्यवहार स्वतः घेतला. कोरी प्रमाणपत्रं दोघांनी निम्मी निम्मी खाल्ली. शेवटी दोरा तेवढा उरला, तो पानाच्या कडेला काढून ठेवला, कढीपत्ता ठेवतात तसा.

साहेबांनी हात धुतले. "मंजूर करायला काहीच हरकत नाही," ते म्हणाले. "मॅडम, कागद."

मॅडमनी पानाकडेच्या दोऱ्याकडं बघितलं.

"कोपऱ्यावर दुकान हाय, आणते पळत," पद्माक्का म्हणाली.

"बाहेरचा चालत नाही. तपासणी जागेची आहे. कागद जागेवरचा लागतो."

शालिनीनं कपाट उघडलं. रद्दी नव्हती, वही नव्हती. सांगून कागद करायला एक पोळीही उरली नव्हती. पाठीवर कोरं असलेलं कॅलेंडरसुद्धा मागच्या आठवड्यात रतनच्या ताटात गेलं होतं.

"मग पुढच्या तपासणीला बघू," साहेब म्हणाले.

"पुढची कधी?"

"ते ठरलेलं नसतं."

तेव्हा आतून आवाज आला. "वहिनी, मी आहे की."

"तुम्ही गप पडा वन्सं."

"लिहून होऊ दे गं. मंजुरी झाली की मला भात सांग. गुरगुट्या, गरम, वर तूप. खरा." पोळपाटावर ती सळसळली. "पुढच्या तपासणीपर्यंत मी दाराच्या फटीतून जाईन."

शालिनीनं तिला दोन्ही तळव्यांवर धरून बाहेर आणलं. साहेबांनी उजेडात धरून बघितलं.

"कोरं आहे?"

"पाठीवर काही नाही," शालिनी म्हणाली.

पालथी ठेवली. साहेबांनी लिहायला घेतलं. मध्येच पेन अडखळलं.

"इथं खडबडीत आहे."

"मणका आहे तो."

"दाबू का जरा?"

"सावकाश. खालून वर."

"शाई गार आहे," रतन म्हणाली, आणि हसली. पद्माक्का तोंडाला पदर लावून बाहेर गेली. मग शिक्का बसला. त्यानंतर रतन बोलली नाही. शाई वाळेपर्यंत शालिनीनं तिच्या कडेवर बोट ठेवलं होतं.

"दर्शनी भागात लावायचं," जाताना टिकेकर मॅडम म्हणाल्या. "काचेआड. अक्षरं बाहेरच्या बाजूला. अक्षरं दिसेनाशी झाली की मंजुरी संपली."

घरात एकच चौकट होती, अण्णांच्या फोटोची. शालिनीनं हार काढला, फोटो काढून उशीखाली ठेवला. रतन चौकटीत नेमकी बसली. अक्षरं काचेकडं, म्हणजे पाठ काचेकडं. तोंड आतल्या पुठ्ठ्याला. शालिनीनं चौकट दवाखान्यात, बाकासमोरच्या खिळ्याला अडकवली.

मग तिनं भात लावला. चांगला मऊ शिजवला, घोटला, वर तूप सोडलं. वाटी घेऊन चौकटीपुढं उभी राहिली.

"वन्सं," ती म्हणाली. "भात खा."

भात भातच राहिला. तूप वितळून कडेला आलं. तिनं घास उचलला, बोटं पोळली. दुसरा हात चौकटीच्या कडेला गेला. उलटी केली तर अक्षरं भिंतीकडं, आणि हातातला घास कागद. तशीच ठेवली तर समोर पाठ, पाठीवर शिक्का.

तिनं घास काचेपाशी नेला. काचेवर वाफ धरली. पलीकडं, भिंतीच्या बाजूला, कागद किंचित उकलल्यासारखा आवाज झाला. रतननं तोंड उघडलं होतं.